पदवीचा खर्च आणि वसुलीची वेळ

(कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



उच्च शिक्षणाचा खर्च करदात्याने उचलावा की शिकणाऱ्याने, हा आजचा विषय. भाऊरावांच्या कामाकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहिले तर खर्च उचलणारे हात बरेच दिसतात. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात मुले वाढली आणि पैसे पुरेनात, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. गावोगावच्या बायकांनी मुष्टिफंडासाठी मूठमूठ धान्य बाजूला काढले. मुले स्वतः राबली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेही ‘कमवा आणि शिका’ याच पायावर. समाजाने धान्य दिले, संस्थाचालकाने घरचे सोने दिले, विद्यार्थ्याने श्रम दिले, सरकारकडे अनुदानही मागितले. मात्र ‘आधी रोख मोज, मग आत ये’ असे दारात आलेल्या पोराला कोणी म्हटले नाही.

माझे आजचे म्हणणे याच मुद्द्याभोवती आहे. उच्च शिक्षणाचे पैसे कोणाकडून घ्यायचे याची चर्चा आपण खूप करतो. ते केव्हा घ्यायचे, याची फारशी करत नाही. गेल्या चाळीस वर्षांत महाराष्ट्राने वसुलीसाठी सर्वांत वाईट वेळ निवडली आहे: विद्यार्थ्याच्या हाती काहीच नसते ती.

फुल्यांची तक्रार

हा वाद नवा नाही. ऑक्टोबर १८८२मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले, त्यात तो अगदी उघडपणे मांडलेला आहे. सरकारी तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः रयतेच्या कष्टाचा आहे. वरच्या वर्गांची त्यात भर नाममात्र. आणि शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा मोठा लाभ मात्र त्याच वर्गांच्या मुलांना मिळतो, ही त्यांची तक्रार. वरच्यांना शिकवा म्हणजे ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या सरकारी समजुतीचा त्यांनी समाचार घेतला आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली.

आज ‘शिकणाऱ्यानेच पैसे भरावेत’ असे म्हणणाऱ्यांना हे निवेदन आपल्या बाजूचे वाटते. शेतमजुराने बिस्किटाच्या पुड्यावर भरलेल्या करातून डॉक्टरच्या मुलाला डॉक्टर का करायचे, हा त्यांचा सवाल फुल्यांच्या सवालाचाच वंशज आहे. पण निवेदन शेवटपर्यंत वाचले पाहिजे. सरकारने शाळा-महाविद्यालयांतून अंग काढून घ्यावे, या सूचनेला त्याच निवेदनात फुल्यांचा विरोध आहे. सरकार बाजूला झाले तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि सगळ्यांना सारखी वागणूक देणारी जागा उरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणजे कराच्या पैशाचा हिशेब मागणारा हा माणूस उच्च शिक्षण बाजाराच्या हवाली करायला तयार नव्हता. आधी पाया भरा, आणि वरचा मजला ज्यांच्या पैशावर उभा आहे त्यांच्या मुलांना त्यावर चढता येईल असे करा, ही त्यांची मागणी होती. तिच्याशी आपण प्रामाणिक राहिलो का, ते पाहू.

बाराशे रुपयांपासून विनाअनुदानापर्यंत

काही काळ आपण फुल्यांच्या मागणीशी प्रामाणिक राहिलो. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारायला सुरुवात केली, कारण फी माफ झाली तरी खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि खायला अन्न लागते, हे त्यांना कळत होते. स्वातंत्र्यानंतर यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली. हीच ती ई.बी.सी. (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलत. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर, पहिला मास्तर, पहिला वकील या सवलतीवर घडला. त्या काळी कॉलेज अनुदानित असे, प्राध्यापकाचा पगार सरकार देई आणि फी सामान्य माणसाच्या आवाक्यात राही.

वळण आले १९८३ साली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांची मागणी प्रचंड, सरकारकडे पैसे नाहीत आणि महाराष्ट्रातली मुले शिकायला कर्नाटकात चाललेली. सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी महाविद्यालयांना परवानगी दिली. या निर्णयाला सरसकट शिव्या घालणे मला पटत नाही. त्यातून ग्रामीण भागात कॉलेजे गेली आणि हजारो मुले अभियंता झाली. पण खर्चाचा भार एका रात्रीत तिजोरीवरून घरावर आला. देणग्यांचा धुमाकूळ इतका माजला की चारच वर्षांत, १९८७ साली, कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा राज्याला करावा लागला. आणि २००१पासून नवी कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयेही ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवरच निघू लागली.

न्यायालयांनी मधला मार्ग शोधून पाहिला. उन्नीकृष्णन खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा ‘फ्री सीट’ आणि निम्म्या ‘पेमेंट सीट’ केल्या. दुसऱ्यांच्या फीतून पहिल्यांचा खर्च भागायचा. २००२ साली टी.एम.ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ही योजना रद्द केली. पैसे भरणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःबरोबर वर्गमित्राचाही खर्च का उचलावा, हा न्यायालयाचा आक्षेप होता, आणि तो रास्त होता. गुणवत्ता यादीत वर येणारा मुलगा बहुधा शहरातला, चांगल्या शाळेतला, क्लास लावलेला. पेमेंट सीटवर जाणारा अनेकदा तालुक्याच्या गावचा. बापाने रान विकून पैसे उभे केलेला. गावाने शहराची फी भरायची, असा तो उफराटा न्याय होता. पुढे शुल्क ठरवणाऱ्या समित्या आल्या. २०१५च्या राज्य कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले. फीला वेसण बसली खरी, पण ती भरायची वेळ तीच राहिली: प्रवेशाच्या दिवशी, दारात.

खिडकीवरची पावती

आता एका कॉलेजच्या कार्यालयात जाऊ. कोणतेही तालुक्याचे कॉलेज घ्या. एकाच इमारतीत, एकाच जिन्याने दोन मुली वर्गात जातात. एक अनुदानित बी.ए.ला आहे. तिच्या पावतीवर शिक्षण शुल्क काही शेकड्यांत. त्याखाली ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विद्यार्थी कल्याण निधी, ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव, ‘इंद्रधनुष्य’ युवक महोत्सव, आपत्ती व्यवस्थापन, ई-सुविधा, परीक्षा शुल्क, अनामत अशी लांबलचक यादी. पुष्कळदा या किरकोळ ओळींची बेरीज शिक्षण शुल्काच्या पुढे जाते. दुसरी मुलगी त्याच कॉलेजच्या विनाअनुदानित तुकडीत संगणकशास्त्र शिकते. तिची फी पहिलीच्या कित्येक पटींनी जास्त. दोघींचे आई-वडील जीएसटी सारखाच भरतात. एकीच्या गुरुजींचा पगार त्या करातून होतो, दुसरीच्या गुरुजींचा तिच्या फीतून. हा फरक कोणत्या तत्त्वावर केला, असे विचारले तर उत्तर एकच: तुकडी कोणत्या साली मंजूर झाली.

आणि त्या गुरुजींची अवस्था काय? रिक्त जागा भरल्या जात नाहीत, म्हणून तासिका तत्त्वावर माणसे नेमायची. पीएच.डी. झालेला, सेट-नेट झालेला माणूस तासावर पैसे घेतो. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत त्याची कमाई शून्य. सरकार जो खर्च टाळते तो हवेत विरत नाही. तो कोणाच्या तरी अंगावर पडतोच. अनुदानित कॉलेजात तो अशा शिक्षकाच्या अंगावर पडला आहे.

सवलती नाहीत असे नाही. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४पासून आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. जुलै २०२४मध्ये राज्याने चांगला निर्णय घेतला. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची सवलत पन्नासवरून शंभर टक्के केली. कागदावर हे सगळे उत्तम दिसते.

पण खिडकीवर उभे राहून पाहा. आधी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढायचा. मग महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा. अर्ज संस्थेच्या लॉगिनला अडकतो, तिथून विभागाच्या लॉगिनला अडकतो. कारकून सांगतो, “सध्या भरून टाका, स्कॉलरशिप आली की परत देऊ.” सरकार कॉलेजला उशिरा पैसे देते, कॉलेज मुलीला थांबायला तयार नसते, आणि मधल्या काळाचे सावकार होतात तिचे आई-बाप. ते पैसे ते आणतात कुठून, तर उसनवारीतून, बचत गटातून किंवा गळ्यातल्या मण्यांतून. फी थकली तर टीसी अडते, टीसी अडली तर पुढचा प्रवेश अडतो. ज्या सवलतीसाठी आधी पदरचे भरावे लागतात, तिचा उपयोग पदरी काही असणाऱ्यालाच होतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

विद्यार्थ्यानेच पैसे भरावेत, असे म्हणणाऱ्यांची बाजू मी दुबळी करून मांडणार नाही. त्यांचे पहिले म्हणणे असे: पदवीचा फायदा पदवीधराला होतो, त्याची कमाई वाढते, मग खर्च त्याने करावा. दुसरे म्हणणे अधिक टोकदार आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातली स्वस्त जागा कोणाला मिळते? ‘नीट’साठी लातूरला किंवा कोट्याला दोन वर्षे राहून, क्लासची आणि मेसची फी भरून तयारी केलेल्याला. म्हणजे आधी लाखो रुपये खासगीत खर्च करू शकणाराच पुढे सरकारी सवलतीचा धनी होतो. तिसरे: सरकारी पैशावर आयआयटीत शिकलेला अभियंता विमानात बसला की त्याचा कर दुसऱ्याच देशाला जातो.

हे तिन्ही आक्षेप खरे आहेत. १९९३ साली न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने विद्यापीठांनी आपल्या खर्चाचा काही वाटा, आधी १५ टक्के आणि पुढे २५ टक्के, स्वतः उभा करावा असे सुचवले. २००० साली बिर्ला-अंबानी अहवालाने तर उच्च शिक्षणात वापरणाऱ्याने पैसे मोजावेत हे तत्त्व सरळसरळ पुढे केले. २०१६ साली आयआयटीची वार्षिक फी नव्वद हजारांवरून दोन लाखांवर गेली. त्या वेळी अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि अत्यल्प उत्पन्न गटातल्या मुलांना पूर्ण माफी दिली, ही त्यातली जमेची बाजू.

तरीही या तीन आक्षेपांवरून ‘म्हणून प्रवेशाच्या वेळी फी घ्या’ हा निष्कर्ष निघत नाही. पदवीचा फायदा पदवीनंतर होतो. प्रवेशाच्या दिवशी फी मागितली की ती विद्यार्थी भरत नाही, त्याचा बाप भरतो. म्हणजे भावी कमाईच्या नावाखाली आपण आजच्या घराची ऐपत मोजतो. ज्याच्या बापाकडे आहे तो शिकतो. विषमतेवरचा आक्षेप विषमतेलाच बळ देऊन मिटवायचा, असा हा प्रकार आहे.

मग कर्ज काढा, असे सांगितले जाते. आपल्याकडच्या शैक्षणिक कर्जाच्या नमुना योजनेत बरीच वर्षे चार लाखांपर्यंत तारण लागत नसे, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागे, त्यापुढे तारण. शिक्षण संपून वर्ष झाले की हप्ता सुरू, मग नोकरी लागलेली असो वा नसो. घरात हे कर्ज मुलाच्या नावावर असले तरी बँकेचा माणूस येतो बापाकडे. मुलीच्या नावावर कर्ज असेल तर लग्न जमवताना त्याची चर्चा होते, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि गंमत पाहा, कर्जावरच्या व्याजाची आयकरात वजावट मिळते ती आयकर भरण्याइतके कमावणाऱ्याला. ज्याला नोकरीच लागली नाही, त्याला व्याजही पूर्ण आणि सवलतही शून्य.

इतरांनी काय केले

ऑस्ट्रेलियाने १९७४ साली विद्यापीठाची फी रद्द केली आणि १९८९ साली वेगळ्या रूपात परत आणली. अर्थतज्ज्ञ ब्रूस चॅपमन यांच्या आखणीनुसार विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी काही न भरता शिकायचे. पुढे उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की करखाते पगारातून वसुली करते. उत्पन्न कमी, तर हप्ता नाही. २०१७पासून परदेशी गेलेल्या पदवीधरांकडूनही करखाते वसुली करू लागले आहे. इंग्लंडने १९९८ साली हजार पौंड फी लावली, २००६ साली तीन हजार केली आणि २०१२ साली नऊ हजारांपर्यंत नेली. वसुली तिथेही उत्पन्नावर आहे, पण आकडा इतका फुगला की अनेकांचे कर्ज पूर्ण फिटत नाही. उरलेले काही दशकांनी माफ होते, म्हणजे शेवटी करदात्याच्याच गळ्यात पडते. जर्मनीतल्या काही राज्यांनी सत्राला ५०० युरो आकारून पाहिले, आणि २०१४पर्यंत सगळ्यांनी ते मागे घेतले. तिथे पदवीधर कमावू लागला की चढत्या दराने आयकर भरतो, तीच त्याची परतफेड.

ऑस्ट्रेलियाची पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी चालेल का? मला शंका आहे. तिथे जवळपास प्रत्येक पगार करखात्याला दिसतो. आपला बी.ए. झालेला मुलगा दुकानावर, शेतावर, रिक्षावर काम करतो. त्याची कमाई कुठल्याच संगणकात नाही. मग सापडणार तो कोण? मास्तर, तलाठी, बँकेतला कारकून. मोठा धंदेवाला पदवीधर निसटणार. पण त्या पद्धतीमागची समज आपण घ्यायला हवी: शिकताना मागू नका, कमावल्यावर मागा.

बडोद्याचा करार

या समजुतीचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवले. पैसे संस्थानाचे, म्हणजे बडोद्याच्या रयतेच्या कराचे. अट एकच: शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. फी नाही, तारण नाही. इतका स्वच्छ करार आजही कोणी करत नाही.

पण पुढे काय झाले तेही विसरता येत नाही. १९१७ साली आंबेडकर बडोद्याला रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी सरायीतून हाकलले गेले, कचेरीत अपमान वाट्याला आला आणि त्यांना मुंबईला परतावे लागले. परतफेड करायला माणूस तयार होता. समाजाने ती करू दिली नाही. यातून एक धडा निघतो. पदवीधराकडून परतफेडीची अपेक्षा करायची तर त्याला काम मिळेल, आणि ते सन्मानाने करता येईल, ही समाजाची बाजू आधी पुरी व्हावी लागते. आदिवासी तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात औषध नाही, राहायला खोली नाही, आणि तिथे पाठवलेला डॉक्टर टिकत नाही म्हणून आपण त्याच्या नावाने बोटे मोडतो. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सेवा किंवा दहा लाख रुपये दंड, अशी अट आपल्याकडे बरीच वर्षे होती. ज्याच्या बापाकडे दहा लाख होते तो दंड भरून मोकळा झाला. ज्याच्याकडे नव्हते तो गावात गेला. परतफेडीतही ऐपतच मोजली गेली.

मग करायचे काय

माझ्या मते चार गोष्टी. पहिली, फुल्यांचा क्रम पाळायचा: प्राथमिक शाळेचा पैसा कापून विद्यापीठाला द्यायचा नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तेच पुन्हा लिहिले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हे सहा टक्के आले नाहीत तोवर प्राथमिक विरुद्ध उच्च ही झुंज लावणे म्हणजे दोन उपाशी भावांना एका भाकरीवर भांडायला लावणे आहे.

दुसरी, शिकवण्याचा खर्च सार्वजनिक असावा. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांतल्या जागा भरा, आणि मान्यता कोणत्या साली मिळाली यावरून एका छताखालच्या मुलांत भेद करू नका. तिसरी, सवलतीचे पैसे प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या खात्यात असले पाहिजेत. उशीर झाला तर त्याचे ओझे सरकार आणि संस्थेने आपसात वाटून घ्यावे. विद्यार्थ्याची टीसी किंवा गुणपत्रिका अडवता येऊ नये. आणि फीइतकाच वसतिगृहावर पैसा घाला. पुण्यात शिकणाऱ्या बीडच्या मुलाला कॉलेजच्या फीपेक्षा कॉटचे भाडे आणि मेसचे बिल जड जाते.

चौथी गोष्ट वसुलीची. जे कमावतात त्यांनी द्यावे, आणि दिलेले तिथेच पोहोचावे. २००७ साली केंद्राने माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी एक टक्का उपकर लावला. तो पैसा बाजूला ठेवणारा स्वतंत्र कोष मंजूर व्हायला २०१७ साल उजाडले. दहा वर्षे लोकांनी शिक्षणाच्या नावाने कर भरला आणि तो सरकारच्या सर्वसाधारण खात्यात जात राहिला. असा कर वाढवायचा तर आधी कुलूपबंद कोष हवा, त्याचा दरवर्षीचा हिशेब हवा, आणि सरकारी पैशावर शिकून परदेशी कमावणाऱ्यांनाही त्यात ओढणारा कायदा हवा.

यावर कोणी म्हणेल, श्रीमंताच्या मुलाला फुकट का शिकवायचे? त्याचे उत्तर असे की त्याच्या बापाकडून आयकरात घ्या, आणि तो स्वतः कमावू लागला की त्याच्याकडूनही घ्या. करखाते दोघांची ऐपत तहसीलच्या दाखल्यापेक्षा जास्त अचूक ओळखते.

शेवटचे सांगतो आणि थांबतो. कमावल्यावर परत करायचे हे तत्त्व मान्य केले, तर पहिले बिल आजच्या विद्यार्थ्यांच्या नावावर निघत नाही. ते आपल्या नावावर निघते. या सभागृहातले माझ्या वयाचे बहुतेक जण ई.बी.सी.वर, शिष्यवृत्तीवर किंवा नाममात्र फीवर शिकले. आपला खर्च त्या वेळच्या शेतकऱ्याने, गिरणी कामगाराने, ऊसतोड मजुराने भरलेल्या करातून झाला. त्यांच्या नातवंडांची फी वाढवून आपला कर वाचवायचा, ही मागणी आपल्या पिढीला शोभत नाही. उद्या कोणत्याही पक्षाचे सरकार कोष, हिशेब आणि भरलेल्या जागा यांची हमी देऊन शिक्षणासाठी जादा आयकर मागायला आले, तर विरोधाच्या मोर्चात आपण नसावे, एवढे मागणे आज कर्मवीरांच्या साक्षीने मी तुमच्याकडे मागतो.